बीपी 'टेन्शन'मुळे वाढतं की किडनी आणि हार्मोन्स ठरवतात?

शलाका_नाशिक
माझ्या धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. वय ३६. कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १७०/१०४ निघालं. एका गोळीने सुरुवात झाली, आता तीन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १५०च्या खाली यायला तयार नाही. घरात मीठ कमी केलं, लोणचं-पापड ताटातून गेले. अलीकडे त्याच्या पायात रात्री गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. रक्तात पोटॅशियम ३.१ आलं, म्हणजे कमी. किडनीची सोनोग्राफी व्यवस्थित. आता नव्या डॉक्टरांनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन अशा दोन तपासण्या लिहून दिल्यात.

घरात सगळ्यांचं एकच पालुपद: टेन्शन घेतो म्हणून वाढतं, नोकरी बदल. आईने तर सगळा दोष वहिनीच्या माथी मारलाय.

बीपीचे हे हार्मोन्स नेमके कुठे तयार होतात? रक्तवाहिन्यांवर आणि किडनीवर ते काय करतात? आणि आधीच एवढ्या गोळ्या चालू असताना हे तपासून उपयोग काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनीही लिहा.

कोल्हापुरी_तांबडा
आधी त्या वहिनीला सोडवा! सुनेमुळे पोटॅशियम कमी झाल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. :)

फिरस्ता
टेन्शनचं काही नाही असं म्हणू नका हं. पुण्यात हिंजवडीला होतो तेव्हा माझं १५०/९५ असायचं. काम बदललं, रोजचा दोन तासांचा ट्रॅफिक गेला, झोप सुधारली, चालायला लागलो. आता विनागोळी १२६/८०. मी हे माझ्या अंगावर अनुभवलंय. घरच्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका.

डॉ_निवळी
शलाका, भावाच्या डॉक्टरांनी नेमकं तेच तपासायला सांगितलंय जे इथे तपासायला हवं. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

दाब दोन गोष्टींवर ठरतो: रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत आणि त्यांच्यात मीठ-पाणी किती भरलंय. हार्मोन्स या दोन्हींवर काम करतात.

आपण अंथरुणातून उठून उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारी टोकं असतात. ती काही सेकंदांत मेंदूला कळवतात, आणि मज्जातंतू नॉरॲड्रिनलिन सोडून वाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढवतात. हे काम झटपट होतं, म्हणून आपल्याला चक्कर येत नाही.

दुसरीकडे किडनी जागी होते. तिच्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि तिच्या भिंतीत काही खास पेशी असतात. दाब उतरला, नळीतून पुढे जाणारं मीठ कमी झालं किंवा मज्जातंतूंकडून निरोप आला, की या पेशी रेनिन सोडतात. रेनिन स्वतः दाब वाढवत नाही. लिव्हरने रक्तात सोडून ठेवलेलं अँजिओटेन्सिनोजेन नावाचं एक प्रथिन ते कापतं. त्यातून दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो, अँजिओटेन्सिन-१. तोही फारसं काही करत नाही. मग एसीई नावाचं विकर (एन्झाइम), जे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर भरपूर असतं, त्याची शेवटची दोन अमिनो आम्लं उडवतं. उरलं ते आठांचं अँजिओटेन्सिन-२, आणि ते मात्र जबरदस्त आहे. बारीक धमन्या आवळतं, तहान लावतं, पियुषिका ग्रंथीतून पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतं आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन बनवून घेतं.

अल्डोस्टेरॉनचं काम सावकाश. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन नवी प्रथिनं तयार करायला लावतं, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला काही तास जातात. किडनीच्या नळीच्या अगदी शेवटच्या भागात ते सोडियम परत रक्तात ओढायला लावतं. त्या बदल्यात पोटॅशियम लघवीतून जातं.

आता एक आकडा सांगतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यात मीठ असतं जवळजवळ दीड किलो! त्यातलं ९९ टक्क्यांच्या वर परत रक्तात घेतलं जातं. अल्डोस्टेरॉनच्या हातात शेवटचे दोन-तीन टक्केच असतात. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम. आपण दिवसभरात खातो त्याच्या कितीतरी जास्त. एवढ्याशा हिश्शात थोडी जरी गडबड झाली तरी बीपी का चढतं, ते यातून कळेल.

तुमच्या भावाच्या बाबतीत शंका अशी की ॲड्रिनल ग्रंथी रेनिनला न जुमानता आपली आपण अल्डोस्टेरॉन बनवत असावी. मग सोडियम साठतं, पोटॅशियम वाहून जातं, दाब वाढतो. दाब वाढला म्हणून किडनी रेनिन सोडायचं जवळपास बंद करते, तरी अल्डोस्टेरॉन चालूच. म्हणून दोन्ही एकदम मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. उपयोग हा की ते जास्त निघालं तर उपचाराची दिशाच बदलते. चौथी-पाचवी गोळी चढवत बसावं लागत नाही.

कोल्हापुरी_तांबडा
म्हणजे आमच्या गल्लीतल्या पालिकेच्या चावीवाल्यासारखं झालं! टाकी भरलेली आहे, लोक ओरडतायत, पाइप फुटायला आलाय, पण गडी काही चावी बंद करत नाही.

डॉ_निवळी
@कोल्हापुरी_तांबडा अगदी तसंच.

फिरस्ता
डॉक्टर, एवढं सगळं खरं असेल, पण मग माझं बीपी उतरलं ते कशामुळे? नॉरॲड्रिनलिनचं नाव तुम्हीच घेतलंत.

डॉ_निवळी
तुमचा अनुभव खराच आहे. ताणात मज्जातंतू वाहिन्या आवळतात, तसेच ते किडनीला रेनिन सोडायचा निरोपही देतात. शिवाय झोप, वजन, चालणं या तिन्हींचा बीपीवर थेट परिणाम होतो, आणि तुमचं तिन्ही सुधारलं. पण रागाने किंवा घाईने वाढलेलं बीपी चढतं आणि उतरतं. महिनोन्महिने चढूनच राहायचं तर किडनीची साथ लागते. निरोगी किडनी दाब वाढलेला दिसला की जास्त मीठ आणि पाणी लघवीत सोडते आणि काही दिवसांत दाब जागेवर आणते. अमेरिकेत मिसिसिपीतल्या आर्थर गायटन यांनी आयुष्यभर हेच मांडलं.

माणसांतला पुरावाही आहे. १९८३ मध्ये सहा रुग्णांबद्दलचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बीपीमुळे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. बीपी नसलेल्या लोकांच्या किडन्या त्यांना बसवल्या, आणि काही वर्षांनी पाहिलं तर त्यांचं बीपी गोळ्यांशिवाय सामान्य होतं. माणूस तोच होता, फक्त किडनी बदलली होती.

फिरस्ता
सहा जणांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढायला मी तयार नाही, पण मुद्दा विचार करण्याजोगा आहे. तरी चालणं सोडू नका, एवढं माझं सगळ्यांना सांगणं कायम.

जीवशास्त्र_मास्तर
बारावीला हे शिकवताना मुलं कंटाळतात, पण गोष्ट सांगितली की डोळे चमकतात, म्हणून इथेही सांगतो.

१८९८. स्टॉकहोमची कॅरोलिन्स्का संस्था. रॉबर्ट टिगरस्टेड हे प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन. त्यांनी सशाच्या किडनीचा अर्क काढला आणि दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला. बीपी चढलं. किडनीच्या कोणत्या भागात हा पदार्थ आहे हे पाहायला आतला गाभा आणि बाहेरची साल वेगवेगळी करून बघितली, तर गुण सालीत सापडला. रेनिन हे नाव त्यांनीच दिलं. पण त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळ कुणी या शोधाकडे वळूनही पाहिलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. किती लोकांना पक्षाघातापासून वाचवता आलं असतं!

मग १९३४ मध्ये क्लीव्हलँडचे हॅरी गोल्डब्लाट. त्यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चांदीचा बारीक चिमटा बसवून रक्त थोडं अडवलं. किडनीला वाटलं अख्ख्या शरीराचाच दाब उतरलाय, आणि कुत्र्याचं बीपी वाढून तसंच राहिलं. तिथून गाडी पुन्हा रुळावर आली.

अबोली
मास्तर, छान. माझा साधा प्रश्न, किडनीतून हे सगळं होतं तर शलाकाच्या भावाची सोनोग्राफी व्यवस्थित कशी?

डॉ_निवळी
@अबोली सोनोग्राफीत आकार, खडे, सूज दिसते. हार्मोन्सचा कारभार त्यात दिसत नाही. शिवाय ॲड्रिनलमधली एखाद-दीड सेंटिमीटरची गाठ सोनोग्राफीत सहज निसटते, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

निशिगंध
किडनीच्या धमनीवरून आठवलं म्हणून लिहिते. माझ्या मामेबहिणीचं बीपी एकोणिसाव्या वर्षी वाढलेलं आढळलं. सगळे म्हणाले परीक्षेचं टेन्शन. एका डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मनगटं एकदम हातात धरली आणि थांबल्या. डाव्या हाताची नाडी लागतच नव्हती. डाव्या हाताचं बीपी उजव्यापेक्षा खूप कमी. पुढे अँजिओग्राफीत कळलं की ताकायासूचा आजार आहे, मोठ्या धमन्यांच्या भिंतींना सूज येऊन त्या अरुंद होतात. तिची एका किडनीची धमनीही अरुंद झाली होती, म्हणजे मास्तरांनी सांगितलेला तो चिमटाच. सुजेवरची औषधं आणि नंतर धमनी रुंद करायची प्रक्रिया झाली. आता ती दोन मुलांची आई आहे.

तरुण वयात बीपी निघालं तर दोन्ही हातांचं मोजून घ्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

डॉ_निवळी
निशिगंध, फार महत्त्वाचं लिहिलंत. भारतात तरुण मुलींमध्ये किडनीची धमनी अरुंद होण्याचं हे एक प्रमुख कारण आहे. जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्यातल्या बदललेल्या रक्तवाहिन्या दाखवल्या होत्या, त्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो.

रानवाटा
मी आंबोलीकडचा, साप पकडून जंगलात सोडायचं काम करतो. या धाग्यावर सापाचा काय संबंध म्हणाल, पण बीपीच्या गोळ्यांचं एक अख्खं घराणंच सापाने दिलंय!

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे. आपल्याकडे पावसाळ्यात झाडाझुडपात हिरवागार चापडा बसलेला असतो ना, त्याचा तो लांबचा भाऊबंद. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो, त्याने ते अंधारात उंदराची ऊब ओळखतात. जराराकाच्या विषाने रक्तदाब एकदम कोसळतो. साओ पावलोच्या रोशा ए सिल्वा यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस या विषाचा अभ्यास करताना ब्रॅडिकायनिन शोधलं. ते आपल्याच रक्तात तयार होतं आणि वाहिन्या सैल करतं. त्यांचे शिष्य सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं की विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारं काहीतरी आहे. ते घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे कळलं की डॉक्टरांनी वर सांगितलेलं एसीईच या विषाने बंद पडतं. पुढे अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्या धर्तीवर गोळी बनवली. कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आजची रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याच घराण्यातली.

साप दिसला की काठी घेऊन धावणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो.

कोल्हापुरी_तांबडा
रानवाटा, एक नंबर! आता रामिप्रिल घेताना नागपंचमीला नमस्कार करतो तसा करायला पाहिजे. :)

बल्लाळ
नमस्कार आपल्या मुंबईलाही करा. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. मग जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. डॉक्टरांनी वर लिहिलेल्या नॉरॲड्रिनलिनचा मज्जातंतूंतला साठाच रेसरपिन रिकामा करतं. काही रुग्णांना मोठ्या मात्रेत नैराश्य यायचं, त्यामुळे पुढे ते मागे पडलं. पण तो काळ असा की बीपीवर द्यायला हाताशी जवळपास काहीच नव्हतं. मराठी माणसाला हे नाव माहीत असायला हवं.

अनुराधाताई_सांगली
रानवाटांनी रामिप्रिलचं नाव घेतलं म्हणून आमच्या आत्याबाईंचं सांगते. वय ७२. बीपीसाठी रामिप्रिल सुरू झाली. काही आठवड्यांनी कोरडा खोकला लागला, रात्र रात्र ढास. आत्याबाईंनी घरचा उपाय काढला, ज्येष्ठमधाची कांडी. कमरेच्या बटव्यात कायम चार-पाच कांड्या, आणि एक गालात धरलेली, सकाळपासून झोपेपर्यंत. तंतू निघाले की थुंकायचे आणि नवी घ्यायची. खोकल्याला तेवढ्यापुरता आराम पडायचा. पण बीपी वाढत गेलं. म्हणून गोळी दुप्पट केली. खोकला अजून वाढला, म्हणून ज्येष्ठमध अजून वाढला. असे महिने गेले. पाय सुजले, हातातून भांडी निसटायला लागली, पोटॅशियम २.८.

दवाखान्यात एक अगदी तरुण डॉक्टर होता. सगळे कागद बघून झाल्यावर त्याने विचारलं, "आजी, तोंडात काय आहे?" आत्याबाईंनी बटवाच त्याच्या टेबलावर उलटा केला. तो इतका खूश झाला की बाहेरून दुसऱ्या दोघा डॉक्टरांना बोलावून आणलं. ज्येष्ठमध बंद, रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन. खोकला गेला, सूज उतरली, पोटॅशियम आपोआप वर आलं. त्याने समजावलं होतं, पण ज्येष्ठमध असं का करतो ते मला नीट कळलं नव्हतं. डॉक्टर, सांगाल?

डॉ_निवळी
अनुराधाताई, त्या तरुण डॉक्टरला माझा सलाम. तोंडात काय आहे हे विचारायला नजर लागते.

आधी खोकला. रानवाटांनी सांगितलेलं ब्रॅडिकायनिन एसीई मोडून टाकत असतं. एसीई बंद केलं की ते साठतं आणि काही लोकांना त्याने कोरडा खोकला येतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या एसीईला हात लावत नाहीत, त्या थेट अँजिओटेन्सिन-२ ची बसायची जागा अडवतात. म्हणून सहसा खोकला नाही.

आता ज्येष्ठमध. आपल्या रक्तात कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन अल्डोस्टेरॉनपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतं, आणि ते अल्डोस्टेरॉनच्याच जागेवर नेमकं बसू शकतं. तसं होऊ नये म्हणून किडनीच्या त्या पेशींमध्ये एक विकर कॉर्टिसॉलला निकामी करत असतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन या विकराला बंद पाडतं. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचं काम करायला लागतं: मीठ साठतं, पोटॅशियम जातं, बीपी वाढतं. अशा माणसाचं अल्डोस्टेरॉन मोजलं तर कमी निघतं, रेनिनही कमी निघतं. शलाका, भावाने खोकल्यासाठी, घशासाठी असं काही घेतलं असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

वैद्य_मंजिरी
मी आयुर्वेदाची पदवीधर आहे आणि यष्टीमधु, म्हणजे ज्येष्ठमधच, रोज वापरते. दोष औषधाचा नाही, कुणाला, किती आणि किती दिवस हे न बघता घेण्याचा आहे. ज्यांना बीपी आहे, पायांवर सूज आहे त्यांना मी ते देत नाही. कोरोनात लोकांनी घरोघरी वाट्टेल तेवढे काढे उकळले, तेव्हा मी माझ्या रुग्णांना हेच ओरडून सांगत होते.

दर्याकाठ_मडगाव
आमच्या गोव्यात सुकी मासळी म्हणजे जीव की प्राण. खारे बांगडे पूर्ण सोडायचे का हो? आणि सैंधव वापरलं तर चालतं असं सगळीकडे सांगतात.

ओहायोतली_सई
@दर्याकाठ सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराईडच. रंग गुलाबी असला तरी किडनीला काही फरक पडत नाही. :) जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात लोणचं-पापड-खारवलेली मासळी सगळं आलं. खारा बांगडा सणासुदीला ठेवा, त्या दिवशी आमटी-भाजीत हात आखडता घ्या.

मी इथे किडनी विभागात नर्स आहे. मीठ अगदीच नसेल तर काय होतं याचं उदाहरण ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक. बाहेरून मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९८८ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्यांचं सरासरी बीपी साधारण ९५/६१ होतं, आणि वयाबरोबर ते वाढतही नव्हतं. त्यांच्या रक्तात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन भरपूर असतं, कारण मिठाचा कण न् कण वाचवायचा असतो. ही सगळी यंत्रणा अशा जगण्यासाठी आहे. त्याच किडनीला आपण वेफर्सचं पाकीट देतो.

अबोली
मग ते 'लो सोडियम' मीठ? आमच्या वाण्याकडे मिळतं.

ओहायोतली_सई
त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईड असतं. चीनच्या खेड्यांमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, निकाल २०२१ मध्ये आले. पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियमचं असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे चांगलंच आहे, पण सरसकट नाही! किडनी कमजोर असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) चालू असेल तर पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाण्याकडून आणू नका.

आणि मुलींसाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत: गरोदरपणात रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या घराण्यातली गोळी चालत नाही, बाळाच्या किडनीला अपाय होतो. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधीच गोळी बदलून घ्या. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने लिव्हर अँजिओटेन्सिनोजेन जास्त बनवतं, त्यामुळे काहींचं बीपी वाढतं. त्या सुरू केल्यावर बीपी मोजत राहा.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या बाबांचं सांगतो. अकोला, मे महिना, ४५ डिग्री. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी रोजची. हगवण लागली, तरी बीपीच्या गोळ्या चालूच, वरून गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी. तिसऱ्या दिवशी लघवीच बंद, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ४ च्या वर. सलाइन लावून आठवड्यात सुधारले. हे कसं झालं, या हार्मोनच्याच गोंधळाने का?

डॉ_निवळी
हो. पाणी कमी झालं की किडनीच्या गाळणीतला दाब टिकवायला दोन जण झटत असतात. अँजिओटेन्सिन-२ गाळणीतून बाहेर पडणारी धमनी आवळून धरतं, आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलंच रसायन आत येणारी धमनी उघडी ठेवतं. टेल्मिसार्टनने पहिल्याला अडवलं, दुखण्याच्या गोळीने दुसऱ्याला. लघवीच्या गोळीने उरलंसुरलं पाणीही काढलं. गाळणी चालणार कशी? उलट्या-जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारा. मनाने दुखण्याची गोळी घेऊच नका.

जीवशास्त्र_मास्तर
दाब वाढवणाऱ्यांचीच चर्चा झाली, उतरवणारं एक हार्मोन राहिलं. १९८१ मध्ये कॅनडात किंग्स्टनला अडॉल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडलं आणि बीपी उतरलं. हृदयाचे कप्पे रक्ताने ताणले गेले की हृदय हे हार्मोन सोडतं. वाहिन्या सैल करायच्या, रेनिन-अल्डोस्टेरॉन दाबायचं, मीठ बाहेर काढायचं, अशी तिन्ही कामं ते करतं. हृदय ही एक ग्रंथीही आहे हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गात जाऊन मुलांना सांगेपर्यंत मला राहवलं नव्हतं. धाप लागलेल्या पेशंटची बीएनपी नावाची तपासणी करतात ना, ते याचंच भावंड.

अबोली
हा धागा निवडक दहात टाकला.

शलाका_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा प्रिंट काढून आईला वाचायला दिला. तिने वहिनीला काही म्हटलं नाही, पण काल तिच्या आवडीच्या सांज्याच्या पोळ्या केल्या. :)

अपडेट: पोटॅशियमचं औषध देऊन आधी ४.२ वर आणलं. मग रक्त दिलं. अल्डोस्टेरॉन वाढलेलं, रेनिन अगदी तळाला, गुणोत्तर बरंच जास्त. सलाइन देऊन पुन्हा अल्डोस्टेरॉन मोजलं, ते उतरलं नाही. सीटी स्कॅनमध्ये डाव्या ॲड्रिनलवर १.४ सेंटिमीटरची गाठ आहे. डॉक्टर म्हणतात कॅन्सरसारखी दिसत नाही. पण लगेच ऑपरेशन नको, आधी मुंबईला जाऊन ॲड्रिनलच्या शिरांमधून रक्त काढून तपासायचं म्हणतात. गाठ दिसतेय ना समोर? मग अजून एक तपासणी कशाला? भाऊ आता कंटाळलाय.

डॉ_निवळी
त्याचा कंटाळा मी समजू शकतो, पण ही तपासणी टाळू नका. ॲड्रिनलवर अशा निरुपद्रवी गाठी पुष्कळांना असतात आणि त्या काहीच हार्मोन बनवत नाहीत. असंही होतं की गाठ डावीकडे दिसते आणि अल्डोस्टेरॉन उजवीकडून किंवा दोन्हीकडून येत असतं. डावी काढून टाकली आणि बीपी तसंच राहिलं तर? जांघेतल्या शिरेतून बारीक नळी दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांपर्यंत नेऊन दोन्हीकडचं रक्त वेगवेगळं घेतात. उजवी शीर आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, ती सापडणं अवघड. म्हणून ज्यांचा हात बसलाय अशांकडेच हे करायचं. तुमच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवायचं ठरवलं ते त्यासाठीच असणार.

एकाच बाजूने येत असेल तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. पोटॅशियम बहुतेकांचं सुधारतं, बीपी काहींचं पूर्ण तर बाकीच्यांचं बरंच उतरतं. वय कमी आणि बीपी फार जुनं नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. दोन्हीकडून येत असेल तर ऑपरेशन नाही, स्पायरोनोलॅक्टोन. पुरुषांना त्याने कधी छातीला दुखरी सूज येते, तसं झालं तर एप्लेरेनोन असतं.

अमेरिकेत मिशिगनचे जेरोम कॉन यांनी हा आजार १९५४-५५ मध्ये पहिल्यांदा ओळखला, ३४ वर्षांच्या एका बाईंमध्ये. त्यांनाही पायात गोळे, अशक्तपणा, बीपी आणि कमी पोटॅशियम. गाठ काढल्यावर त्या बऱ्या झाल्या. आज आपल्याला माहीत आहे की बीपीच्या दर शंभरातल्या पाच ते दहा जणांना हे असतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं, त्यामुळे कुणी तपासतच नाही. २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर बीपीच्या सगळ्याच रुग्णांची ही तपासणी एकदा करावी असं सुचवलंय. मला ते पटतं. आपल्याकडे खर्चाचा प्रश्न आहे, पण तीन गोळ्यांनी न उतरणारं बीपी, कमी पोटॅशियम किंवा तरुण वय असेल तर पैसे नाहीत म्हणून थांबू नका, सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा.

फिरस्ता
शलाका, मुंबईत राहायची सोय हवी असेल तर माझं घर परळपासून जवळ आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भावाला सकाळी चालायलाही घेऊन जाईन.

शलाका_नाशिक
@फिरस्ता नक्की, व्यनि केलाय. @डॉ_निवळी एक शेवटचं: तिकडे जायच्या आधी बीपीच्या गोळ्यांपैकी कोणती थांबवायची?

डॉ_निवळी
मनाने एकही नाही. तिन्ही गोळ्यांची नावं आणि मात्रा लिहून त्या मुंबईच्या टीमला आधी पाठवा. लागलं तर ते बदलून देतील. पोटॅशियमचं औषध मात्र चुकवू नका, ते पुन्हा उतरलं तर अल्डोस्टेरॉन खोटं कमी दिसतं. आणि जायच्या आधल्या आठवड्यात पुन्हा एकदा पोटॅशियम तपासून तो कागद बरोबर ठेवा.